अक्कांचं कपाट

आमच्या वॉर्डातल्या बाळांना नावं नसायची. फाइलवर आईचं नाव आणि पुढे ‘यांचे बाळ’, एवढंच. ढगे सिस्टरना हे मान्य नव्हतं. त्या बाळाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. सकाळी आठला ड्युटीवर आल्या की पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत बोलत जायच्या. “देगलूर, डोळे उघड की. किल्लारी, आत्ता चादर बदललीया, ओकू नको बाबा. मुखेड, तुझी आजी भाईर बसून सगळ्यांला तुझं वजन विचारून राहिली, वाढव जरा.” या फेरीत त्यांचे हात मागे बांधलेले असत. मग हात धुऊन दुसरी फेरी. तिच्यात प्रत्येक बाळाच्या टाळूवर एक बोट, कणीक भिजली का ते बघताना ठेवतो तितकं हलकं. मॉनिटरकडे त्या बघत नसत. मॉनिटरकडे बघायला मी होते.

मी तेव्हा नांदेडच्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ज्युनिअर डॉक्टर होते. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं आमच्याकडे येत. कुणी किलोभराचं, कुणी त्याहून कमी. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली. ढगे सिस्टर तिथल्या इनचार्ज. मूळच्या उमरीच्या, पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, चालताना डावा पाय किंचित ओढणाऱ्या. बाया त्यांना अक्का म्हणत. बायांचं ऐकून बापे म्हणत, बाप्यांचं ऐकून वॉर्डातल्या मावशी म्हणत, आणि एकदा तर आमचे विभागप्रमुख सरही चुकून म्हणून गेले. मी सिस्टर म्हणायची. मला अक्का म्हणता आलं नाही, कारण तसं म्हटलं की मीही त्या रांगेत जाऊन बसले असते, आणि मला त्या रांगेत बसायचं नव्हतं. मला त्यांच्या जागी बसायचं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला त्यांचा हेवा वाटायचा. चार महिने, रोज, आठ ते आठ.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठी बोलायचो, पण ती जेवणाखाणाची आणि ‘लाइट बंद कर’ची मराठी. वॉर्डात आयांशी बोलायची वेळ आली की मी मनात वाक्य जुळवायची आणि बाहेर येताना ते सरकारी पत्रासारखं यायचं. एका आईला मी म्हटलं, “आपल्या बाळाची प्रकृती स्थिर आहे.” ती बाई माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे अक्कांकडे. अक्का सलाइनचा वेग बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “झोपलंय गं. दूध पचलं, शी बी केली. तू बी घटकाभर आडवी हो.” ती बाई रडली, हसली आणि खरंच जाऊन आडवी झाली. वाक्य तेच होतं. स्थिर म्हणजे दुसरं काय असतं?

बाप्यांशी त्यांचं निराळं असायचं. बाळाला उघड्या छातीशी धरून बसवलं की त्याला ऊब मिळते, श्वास सुधारतो. आई आजारी असेल तर बापानं बसायचं. पण गावाकडचा गडी सगळ्यांसमोर सदरा काढून खुर्चीत बसायला लाजतो. मी असल्यांना माहितीपत्रक द्यायची. अक्का म्हणायच्या, “गावात छाती काढून फिरता ना, मग हितं कामाला लावा तिला.” बाकीचे हसायचे, तो लाजायचा आणि सदरा काढायचा. पाचच मिनिटांत तो असा बसलेला असायचा, जणू कुणी श्वास जोरात घेतला तरी त्याच्यावर धावून जाईल.

डब्यात त्या धपाटे आणायच्या आणि लाल भडक शेंगदाण्याची चटणी. मला देताना नेहमी एकच विचारायच्या, “इंग्लिश मीडियमला सोसंल का?” मला सोसायचं नाही. मी डोळ्यांत पाणी येऊ न देता खायची. त्यांना ते दिसायचं, मग त्या न बोलता दह्याची वाटी माझ्याकडे सरकवायच्या. त्याचाही मला राग यायचा.

आणि मग ते कपाट.

ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात हिरवं लोखंडी कपाट होतं. कमी दिवसांच्या बाळाची आई कधी कधी स्वतःच फार आजारी असते, दूध येत नाही. अशा बाळांना दुधाची पावडर लिहून द्यावी लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला तो डबा जड जातो. अक्कांनी यावर उपाय काढला होता. बाळ घरी निघालं की त्याच्या डब्यात उरलेली पावडर घरच्यांनी अक्कांच्या कपाटात ठेवायची. ज्याला परवडत नाही त्याला अक्का त्यातून द्यायच्या. कुणाला दिलं, किती दिलं, कुणी विचारायचं नाही. हळूहळू तो रिवाज झाला. बाळाला टोपडं घालून, सगळ्यांच्या पाया पडून झालं की घरची म्हातारी डबा घेऊन कपाटाकडे जायची. कुणीतरी त्याच्या दाराला हळदकुंकवाची बोटं लावली होती. स्वच्छतेच्या बाबतीत अक्का कडक होत्या, पण ती बोटं त्यांनी पुसली नव्हती.

एकदा लोह्याकडच्या एका कुटुंबासाठी मी स्वतः बाहेरून नवा डबा आणला. त्या बाळाच्या बापानं हात जोडून तो मला परत दिला. म्हणाला, “न्हाई मॅडम, उगी कशाला. अक्काच्या कपाटातला हाय की.” तो डबा कितीतरी दिवस माझ्या खोलीत टेबलावर पडून होता.

त्याच सुमारास परीक्षेच्या अभ्यासात मी एक परिच्छेद वाचला. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. कोरड्या पावडरीत काही जंतू महिनोन् महिने तग धरून राहतात. डबा फोडला, त्यात दहा हात गेले, पावडर कोमट पाण्यात कालवली की ते वाढतात. मोठ्या बाळाला बहुधा काही होत नाही. कमी दिवसांच्या बाळात क्वचित, फार क्वचित, ते रक्तातून मेंदूपर्यंत जातात. मी पेन्सिलनं त्या परिच्छेदाला रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी मी बोलायचं ठरवून ड्रेसिंग रूममध्ये गेले. अक्का कपाटापुढे उभ्या होत्या आणि उदगीरची एक म्हातारी त्यांच्या हातात डबा देऊन त्यांच्या गालांवरून हात फिरवत कडाकडा बोटं मोडत होती. मी परत फिरले. आठवड्यानं पुन्हा गेले. या वेळी तिथं अक्का एकट्या होत्या, डब्यांची झाकणं पुसत होत्या. “काय मॅडम?” म्हणाल्या. मी म्हटलं, कापूस हवा होता. कापूस घेऊन आले. मी बोलले तर सगळे म्हणतील, ही जळते म्हणून बोलते. आणि मी जळत होतेच, म्हणून मला ते खोटंही ठरवता आलं नसतं. असे तीन आठवडे गेले.

अहमदपूर आमच्याकडे आली तेव्हा अकराशे ग्रॅमची होती. अहमदपूरजवळच्या एका वस्तीवरची. तिच्या आईला बाळंतपणाच्या आधी झटके आले होते, ती दुसऱ्या इमारतीत अतिदक्षता विभागात. बाप ऊसतोडीला गेलेला, तो दोन दिवसांनी पोचला आणि बायकोच्या उशाशी बसला. बाळाकडे आजी, सोजरबाई. या बाईंना मी पहिल्या दिवसापासून घाबरायची. त्या कमी बोलायच्या आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत डोळे हलवायच्या नाहीत. पावडरीचा डबा लिहून दिला तेव्हा त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली. अक्कांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कपाट उघडलं.

अहमदपूर चांगली चालली होती. नळी निघाली, बोंडल्यानं दूध प्यायला लागली. विसाव्या दिवशी सकाळी अक्कांची दुसरी फेरी तिच्या पेटीपाशी थांबली. बोट टाळूवर राहिलं.

“मॅडम, हिकडं या. ही आज आपली न्हाई.”

मी गेले. ताप नव्हता. ठोके ठीक, ऑक्सिजन ठीक. अक्का म्हणाल्या, टाळू भरल्यासारखी लागतीया, आणि तोंड पुसताना ही रोज कपाळाला आठी घालते, आज घातली नाही. मी टाळू बघितली. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, रक्त तपासायला पाठवू आणि रिपोर्ट येईपर्यंत बघू.

अक्का दहातल्या नऊ वेळा बरोबर असत. या वेळी तरी त्या चुकाव्यात असं मला वाटलं. त्या चुकल्या तर बाळ बरं असेल, म्हणजे ही इच्छा चांगलीच आहे, असं मी स्वतःला समजावलं.

तासाभरानं त्या पुन्हा आल्या. “तुमी फायलीत काय लिहायचं ते लिहा. मी सरांना फोन लावून राहिले.” आणि लावला. सर येईपर्यंत अहमदपूरचा उजवा हात सायकल चालवल्यासारखा हलायला लागला होता. सरांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. ते स्वच्छ यायला हवं होतं, गढूळ आलं. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला होता. औषधं त्याच मिनिटाला सुरू झाली. तो एक तास वाया गेला नसता तर काय झालं असतं हे मी सरांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. मीच घेतला. पलीकडच्या माणसानं जंतूचं नाव दोनदा सांगितलं, कारण त्यानंही ते याआधी कधी लिहिलं नव्हतं. क्रोनोबॅक्टर. मी पेन्सिलनं रेघ मारलेल्या परिच्छेदातलं नाव. तो फोन ठेवायच्या आधीच मला कळलं होतं की ते कुठून आलं. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पलीकडच्या पेटीत ते लेकरू पडलेलं असताना मला मनात वाटलं, आता कळेल सगळ्यांना.

कपाटातले सगळे डबे तपासायला गेले. एका डब्यात तोच जंतू सापडला. दरम्यान अहमदपूरच्या मेंदूत पू धरला. सोनोग्राफीत तो काळ्या डागासारखा दिसत होता. शल्यचिकित्सकांनी टाळूतूनच सुई घालून तो काढला, आणि पुढे कित्येक आठवडे औषधं चालली. ती जगणार हे हळूहळू नक्की झालं. कशी जगणार, हे नाही.

वरिष्ठांनी आम्हाला बोलावून सांगितलं की नातेवाइकांना संसर्ग झाला एवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. अक्कांनी नाही हलवली. पण त्या काही बोलल्याही नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी भेटीच्या वेळेत त्या बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. तिथं बाकड्यांवर, सतरंज्यांवर सगळ्या आज्या, मावश्या बसलेल्या असत. मी दारात उभी होते. अक्का सोजरबाईंच्या समोर खाली फरशीवर बसल्या. एरवी त्या गुडघ्यामुळे खाली बसत नसत.

“मावशी, तुमच्या नातीला झालं ते मी दिलेल्या डब्यातनं झालं. त्यात जंतू होते. मला मालूम नव्हतं. पन दुसऱ्याच्या लेकराला द्यायच्या आधी मी कुनाला तरी विचारायला पाहिजे होतं. ते विचारलं न्हाई.”

एका बाईनं आपल्या हातातला डबा हळूच पदराखाली घेतला. सोजरबाई अक्कांकडे बघत होत्या, तशाच, डोळे न हलवता. मग त्यांनी विचारलं, “जगंल का?”

“जगंल. हातपाय कसे चालतील ते आत्ता कुनीबी सांगू शकत न्हाई.”

“मंग रोज येऊन सांगत जावा. काय हाय, काय न्हाई. तुमीच या. दुसऱ्या कुनाला धाडू नगा.”

मला वाटलं होतं, त्या अक्कांना शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील. त्याऐवजी त्यांनी अक्कांना आपल्याकडे बांधून घेतलं. दारात उभ्या असलेल्या मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, एवढं होऊनही माणसं यांचीच.

कपाट गेलं. चौकशी झाली, अक्कांना मेमो मिळाला. कपाटाची कल्पना ज्यांना आधी फार आवडायची त्यातले काही जण आता म्हणायला लागले की आम्हाला पहिल्यापासूनच शंका होती. मी तसं म्हटलं नाही. मला शंका नव्हती, मला माहीत होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. अक्का रोज भेटीच्या वेळेला बाहेर जाऊन सोजरबाईंना सांगत राहिल्या. आज बोंडलं घेतलं. आज उजवी मूठ उघडली नाही. बाळ घरी गेल्यावर काही महिन्यांनी अक्कांनी स्वतःहून बदली मागितली, अहमदपूरला. लोक म्हणाले, तोंड लपवायला गेल्या.

माझं शिक्षण संपलं आणि मी लातूरला एका रुग्णालयात लागले. तिथं तळमजल्यावर लहान मुलांच्या व्यायामोपचाराची खोली आहे. एका बुधवारी जिन्यावरून उतरताना मला खाली डावा पाय ओढत जाणारी बाई दिसली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, तिची उजवी मूठ मिटलेली. मागे पिशवी घेऊन सोजरबाई. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंकडून कळलं की बुधवार हा ढगे सिस्टरच्या सुट्टीचा दिवस. दर बुधवारी सकाळच्या एसटीनं त्या या आजी-नातीला अहमदपूरहून घेऊन येतात. आई आता बरी आहे, ती घर आणि धाकटं लेकरू बघते. मुलीचं नाव आरोही.

तीन बुधवार मी जिन्यावरूनच बघितलं. आरोही त्यांच्या नाकाला धरायची, चष्मा ओढायची. चौथ्या बुधवारी मी खाली गेले. सोजरबाई बाहेर बाकावर होत्या. आत चटईवर अक्का आरोहीच्या पायाला पट्टा बांधत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, खोटं नाही. वाळलात, म्हणाल्या. लातूरचं पाणी सोसलं न्हाई वाटतं.

मी पाठ करून आलेलं वाक्य बोलले. पावडरीत जंतू असू शकतात हे मी आधी वाचलं होतं. अहमदपूर यायच्या आधी तीन आठवडे.

त्यांचे हात पट्ट्यावर थांबले. “मंग बोलला का न्हाई?”

“सगळे म्हणाले असते, जळते म्हणून बोलते.”

“जळत होता का?”

“हो.”

त्यांनी पट्टा बांधून पुरा केला. मग म्हणाल्या, “तुमी दोनदा कपाटापाशी येऊन थांबला होता. दुसऱ्या बारीला कापूस मागितला. कापूस तर तुमच्या टेबलावर होता. मला तवाच वाटलं, ही पोरगी काहीतरी वाचून आलीया, इचारावं. मंग वाटलं, इचारलं आन नको म्हनाली तर? त्या म्हाताऱ्या कुनाच्या गालावरनं हात फिरवतील? न्हाई इचारलं.” त्या आरोहीकडे बघत होत्या. “लई गोड वाटत होतं मला ते कपाट, मॅडम.”

मला वाटलं, आता संपलं. आम्ही दोघी सारख्या झालो.

“सोजरमावशीला सांगितलं का?”

“नाही.”

“मंग जावा. भाईर बसल्यात. मला सांगून काय उपेग?”

त्या पुन्हा आरोहीकडे वळल्या. मी उठले. दाराला काच होती, बाहेर आल्यावर तिच्यातून मी एकदा मागे बघितलं. अक्का चटईवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांच्या मधे आरोही उभी होती, डुलत. अक्कांनी दोन्ही हात तिच्या कमरेपासून वीतभर लांब नेले होते, धरले नव्हते आणि मागेही घेतले नव्हते, आणि त्या तिच्या पावलांकडे बघत होत्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि उमरीला गेल्या. मला त्या पुन्हा दिसल्या नाहीत. त्या काचेतूनही मला त्यांचा हेवाच वाटला. ते हात तसे लांब ठेवता येणं मला अजून जमलेलं नाही.

मी बाकाकडे वळले. सोजरबाईंनी वर बघितलं, माझ्या चेहऱ्यावर डोळे ठेवले आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “काय सांगायचंय?”